शारीरिक शिक्षा मंगळवारी

राधाबाईंच्या आवाजाबद्दल आधी सांगितलं पाहिजे. जबलपुरात गोहलपुरातल्या ओट्यावरून त्यांनी नातीला हाक मारली की कमानिया गेटवरची कबुतरं उडत. मी स्वतः मोजली नाहीत, पण तेव्हाची कबुतरं खोटं बोलणारी नव्हती.

राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, त्याला दहाएक वर्षं झाली असतील. राधाबाई वऱ्हाडातल्या वरूडहून मुलाकडे, शैलेंद्रकडे, नुकत्याच राहायला आल्या होत्या. शैलेंद्र तोफगाडीच्या कारखान्यात. त्याची मुलगी प्रतिमा नेपियर टाउनमध्ये सिस्टर लोकांच्या शाळेत पाचवी पास झालेली. सहावीपासून सूक्ष्मदर्शकातून कांद्याची साल बघायला मिळते, हे तिला तिसरीत कळलं होतं. तेव्हापासून घरात कांदा चिरला की ती रडायची नाही, हसायची.

सहावीत जाणाऱ्यांच्या पालकांची सभा होती. शैलेंद्रची ड्यूटी, म्हणून प्रतिमाला घेऊन आजी गेल्या. समोर सिस्टर अगस्टिना उभ्या राहिल्या. मूळच्या केरळच्या, हिंदी पुस्तकातून शिकलेली, एकेक शब्द इस्त्री केलेला.

"छठी से आठवीं तक हम कड़ी शिक्षा देंगे. सोमवार को नैतिक शिक्षा. मंगलवार को शारीरिक शिक्षा. शुक्रवार को संगीत की शिक्षा. और कन्याओं को सिलाई की शिक्षा."

राधाबाईंनी पदर खोचला.

"काहून व प्रतिमा, वार ठरवून मारतात का तुम्हाले? अन् शुक्रवारी गाणं म्हणत म्हणत?"

"आजी, शिक्षा मतलब पढ़ाई!"

"पढाई म्हणजे पढाई अन् शिक्षा म्हणजे शिक्षा. मले शिकवून नको राहू. पोरींले सुया टोचतात म्हणे! चाल घरी. नाही टाकत तुले सहावीत."

सगळी सभा वळली. बाहेर एक मोटार आपणहून बंद पडली. प्रतिमाच्या डोळ्यांसमोरून कांद्याची साल तरंगत तरंगत निघाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला कांद्यानं रडू आलं.

सिस्टर धावत आल्या. "माँजी, क्या हुआ?"

"तुम शिक्षा देते ना बच्चे को? शिक्षा!" राधाबाईंनी हवेत सणसणीत चापट मारून दाखवली.

सिस्टर आधी चापटीकडे बघत राहिल्या. मग त्यांना एवढं हसू आलं की त्यांना बाकावर बसावं लागलं.

"माँजी! हमारे केरल में भी शिक्षा मतलब यही! मैं जबलपुर नई-नई आई थी, तो रास्ते में बोर्ड देखा, 'शिक्षा विभाग'. मैंने सोचा, हे भगवान, यहाँ तो मारने का अलग दफ़्तर है! उसी शाम वापसी की गाड़ी पूछने गई थी."

"अच्छा? मग तुमच्याकडे पढाईले काय म्हणतात?"

"विद्याभ्यासम्."

"विद्याभ्यास! अरे बाप्पा, हे तर आपल्याच घरचं निघालं!" राधाबाई त्यांच्या शेजारी बाकावर बसल्या. "ह्या हिंदीवाल्यांनीच घोळ करून ठेवला, नाही का व सिस्टरबाई?"

"बिलकुल, माँजी."

प्रतिमानं डोळे पुसले. साल परत येत होती. तेवढ्यात आजीनं विचारलं,

"मग मार कोणत्या वारी असतो?"

"मार नहीं है, माँजी."

"सोमवारी नाही? मंगळवारी?"

"कभी नहीं."

राधाबाई उठल्या. चेहरा पुन्हा मघासारखा. "अजिबात नाही? मग पोट्टी अभ्यास करन कशी? चाल व प्रतिमा घरी."

प्रतिमानं सिस्टरांचा झगा धरला. "सिस्टर, थोड़ी सी दे दो ना शिक्षा! मराठीवाली!"

सिस्टरांनी गंभीर तोंड केलं, चष्मा सारखा केला आणि दोन बोटांनी प्रतिमाचा कान धरला. धरला म्हणजे काय, फुलावरची धूळ झटकावी तसा.

"आई गं!"

पोरगी राधाबाईंचीच नात. कमानिया गेटवरची कबुतरं जी उडाली, ती म्हणतात नर्मदेपलीकडे जाऊन बसली.

"हाव," राधाबाई समाधानानं म्हणाल्या, "आता लिहा सहावीत नाव."