डाव्या हाताचा घुमारा

मोबाईलच्या स्पीकरवर ढोलकाचा डावा हात ऐकू येत नाही. उजव्याची टिचकी येते, कोरडी, चण्याच्या सालीसारखी. डाव्याचा घुमारा तेवढ्याशा पडद्यात मावत नाही.

सुलोचनाने हे ऐकलं वर्ध्याच्या एका मोबाईलच्या दुकानात. पोरं मेमरी कार्डात तिचं ‘पाणी खोल गेलं’ हे गाणं भरून घेत होती. शहाण्णव साली नागपूरच्या एका कंपनीने ते कॅसेटवर काढलं होतं. पुढे त्या कंपनीला दुसरीने गिळलं. नव्या मालकांनी टेपचा वेग वाढवून आवाज वर चढवला, खालचे स्वर गाळले आणि यंत्राचा ठोका बसवला. त्यात सुलोचना चौदा वर्षांची वाटत होती. तिच्यासोबत ते गाणं बांधणारा तिचा नवरा, ढोलकवाला नत्थू, त्यात उजव्याच्या टिचकीपुरताच उरला होता.

नव्या कंपनीचा मोतीलाल दिवाळीपासून कराराचा कागद घेऊन येत होता. मंचावर कंपनीचा ट्रॅक लावायचा, सुलोचनाने ओठ हलवायचे, ढोलक बंद. गाण्याचे हक्क आता कंपनीचे; सही केली नाही तर ते गाणं तिने कुठेच म्हणायचं नाही. हो म्हटलं तर नत्थू जात होता, नाही म्हटलं तर गाणं.

“पाह्यतो,” ती दर वेळी म्हणायची.

मार्चमध्ये सिंदी मेघेत एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाला दोघांना बोलावणं आलं. सुलोचनाने तेच गाणं सुरू केलं, स्वतःच्या आवाजात, मुळात होतं तितक्याच खालच्या सुरात.

“हे कोन हाय बे? मोबाईलवाली आना!”

“डुप्लिकेट हाय, डुप्लिकेट!”

नत्थू हसला. “अबे पोट्टेहो, हेच थे बाई हाय.”

“मंग आवाज काऊन म्हातारीचा हाय?”

पहिली बाटली सुलोचनाच्या बाजाच्या पेटीवर फुटली. दुसरी तिच्या खांद्यावर. मग पोरं मंचावर चढली. एकाने ढोलकाला लाथ घातली, कातडं फाटलं. नत्थू ढोलकावर आडवा पडला तर त्याच्या पाठीत बुटांचे घाव बसू लागले. एका पोराने घडीची लोखंडी खुर्ची डोक्याच्या वर उचलली आणि नत्थूच्या उजव्या पंजावर आदळली. एकदा. मग परत. हाड मोडल्याचा आवाज सुलोचनाला माईकमधून ऐकू आला, सगळ्या मैदानाला आला.

त्या पोराच्या खिशात मोबाईल वाजत होता. ‘पाणी खोल गेलं’, चौदा वर्षांच्या आवाजात.

सुलोचनाने माईकचा दांडा उपसला आणि त्याच्या तोंडावर घातला. दात तिच्या पायाशी पडला. पोरगा वाकला तसा तिने त्याच्या मानेत दुसरा घाव हाणला. मोबाईल खाली पडला. तिने टाच मारली, काच फुटली, गाणं थांबलं नाही. ती पुन्हा पुन्हा टाच मारत राहिली. पोलिसांनी तिला दंडाला धरून ओढलं तेव्हाही तिचा पाय हवेत चालत होता.

पोलिसांनी जबाब घेऊन सुलोचनाला पहाटे सोडलं. सावंगीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, नत्थूच्या उजव्या हाताची तीन बोटं आता वळणार नाहीत. दुपारी मोतीलाल आला. काखेत तोच कागद.

“लय वाईट झालं, सुलोचनाताई. पण आता तं ट्रॅकच लागन. नत्थूभाऊचा हात...”

“उजवाच गेला, मोतीलालजी,” खाटेवरून नत्थू म्हणाला. ओठ सुजल्यामुळे शब्द जड येत होते. “तुमच्या मोबाईलले तोच तं ऐकू येत होता. डावा साबूत हाय माहा.”

त्याने लोखंडी खाटेच्या कडेवर डावा पंजा टेकवला आणि एकदाच थाप दिली. सुलोचनाच्या पाठीला टेकलेला खाटेचा गज थरथरला.

मोतीलालने पेन पुढे केला. सुलोचनाच्या नखांत अजून त्या पोराचं वाळलेलं रक्त होतं. तिने पेन घेतला नाही.

“गानं ठेवा तुमच्याजवळ,” ती म्हणाली. “मी आता थे कुठीच म्हननार नाई. ओठ बी हालवनार नाई. आमी दोघं दुसरं बांधू, याच्या डाव्यावर.”