विहिरीवरची लादी

मी एक जुनी दगडी लादी आहे. मित्रांनो, शाळेची तुम्ही चाळीस मुलं उद्या ज्या मंचावर नाचणार आहात, तो आज माझ्यावर उभा राहतोय. म्हणून म्हटलं, आपली हकिकत आजच सांगून टाकावी. उद्याचा काही भरवसा नाही.

माझ्याखाली विहीर आहे, खोल. हा चौक झाला तोच तिच्यामुळे. पाणी भरायला बायका यायच्या, त्यांच्यामागे भाजीवाले आले, भाजीवाल्यांमागे न्हावी आणि न्हाव्यामागे सगळी रिकामटेकडी मंडळी! सोयरिकी इथे जुळल्या, भांडणंही इथेच पेटली. पुढे घरोघरी नळ आले आणि एका गवंड्याने मला घडवून विहिरीच्या तोंडावर बसवलं.

गवंडीबाबा दरवर्षी यायचे. हातोडीच्या दांड्याने मला ठोकायचे, कान लावून आवाज ऐकायचे आणि माझ्याभोवती तांबडं रिंगण रंगवून जायचे. त्या रिंगणात कुणी पाय ठेवायचा नाही, हातगाडीसुद्धा वळसा घालून जायची. का, ते मात्र त्यांनी लेकीशिवाय कुणाला सांगितलं नाही. पोरं डोकावायला जातील, ही धास्ती. चुकलंच त्यांचं. ते वारले, रिंगण पुसट झालं. चौक सुशोभित करायला आलेल्यांनी विचारलं, हे कसलं रिंगण? विहीर पाहिलेली माणसं उरली नव्हती, लेक दूर सासरी; कुणालाच सांगता येईना. झालं, माझ्यावर गुळगुळीत फरशा बसल्या. त्याच वर्षी मला आरपार चीर गेली.

आज दुपारी बाबांची लेक त्यांची हातोडी घेऊन आली. तिने वाकून तीनदा ठोकलं आणि तिचा चेहराच उतरला. मंडपवाल्याला तिने सगळं सांगितलं, मंच चार हात सरकवा म्हणून अगदी गयावया केली.

"अहो ताई, इतकी वर्षं काही झालं नाही, ते नेमकं उद्याच होणार का?" तो म्हणाला.

ती तडक नगरपालिकेच्या कचेरीत गेली. कचेरीला आज सुट्टी आहे.

तिची पाठ वळल्यावर मंडपवाल्याने इकडेतिकडे पाहिलं, पहार उचलली आणि हळूच ठोकली. खालून पोकळ, फुटका आवाज आला. त्याने तो ऐकला, मी सांगते ना, नीट ऐकला. मग त्याने तिथे दुहेरी गालिचा अंथरला आणि मंचाचे पाय त्यावर टेकवले.

मित्रांनो, मला जपा असं आता मी म्हणत नाही, ती वेळ गेली. मी जीव तोडून तग धरीन. पण तालमीत शेवटी तुम्ही सगळे मिळून जी उडी मारता ना, ती तेवढी उद्या मारू नका.