रबरी हातोडी आणि तांब्याभर पाणी

१९६८ सालच्या वैशाखातली ही गोष्ट आहे. मित्रांनो, मी एक जुनी रबरी हातोडी आहे. खिळे ठोकणारी नव्हे. गुडघ्याखाली मी हलकेच टेकले की पाय उडतो, आणि तो कसा उडतो यावरून मेंदूत काय बिघडलं याचा अंदाज डॉक्टरांना येतो. मुंबईच्या एका कारखान्यात माझा पोलादी दांडा घडला. नागपूरच्या एका रुग्णालयात मी डॉक्टर लतिकाबाईंच्या हाती आले. त्या मला रोज पदराने पुसायच्या. विद्यार्थी म्हणायचे, बाईंच्या हातोडीला सगळं कळतं. मी फुगून जायचे.

एक गोष्ट मात्र आम्हा दोघींना कळत नव्हती. लकवा म्हाताऱ्यांना होतो. मग उन्हाळ्यात कोवळ्या बाळंतिणी झटके येऊन, एक बाजू लुळी पडून का येतात? गेलेल्यांच्या मेंदूतल्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या सापडायच्या. हे रक्त गोठतं कशाने, याचाच बाई शोध घेत होत्या.

त्या दुपारी कुही गावाकडून पंचफुला आली. ओली बाळंतीण, झटके येऊन उजवी बाजू लुळी पडलेली. तिला आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासूनेच, जिजाबाईने, केलं होतं. मला पाहून जिजाबाई दचकली.

"हाडं फोडता काय वं बाई तिचे?"

"नाही फोडत," वॉर्डातली आया प्रयागबाई म्हणाली. "तू बस आधी खाली. नाहीतर तुलेच खाट द्यावी लागन."

मी टेकले. उजवा पाय नको तितक्या जोरात उडाला. बाईंचा चेहरा उतरला. मग त्यांची नजर पंचफुलाच्या सुकून फुटलेल्या ओठांवर गेली.

"पाणी कधी प्यायली होती ही?"

"पाणी?" जिजाबाई अभिमानाने म्हणाली. "घोटभर नाही देल्लं. ओल्या बाळंतिणीले पाणी देल्लं का पोट सुटते. दार लावून शेगडीपाशी निजवलं. लय मागे, हात जोडे. मले रडू ये. पण म्या मन घट्ट केलं. लेकीवानी केलं तिचं."

अंगातलं पाणी आटलं की रक्त दाट होऊन गोठतं, हे बाईंच्या ध्यानात आलं. इतक्या जणींना आम्ही तपासलं होतं, पण हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

सलाईन लावलं. प्रयागबाईने ओला कापूस ओठांना लावला, तर पंचफुला तो सोडेचना. दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत ती गेली.

जिजाबाईच्या मांडीवर पंचफुलाची तान्ही पोर होती. तिने विचारलं, "बाई, पाण्यावाचून गेली काय?"

"कारणं पुष्कळ असतात, जिजाबाई. अंगात रक्त कमी, ताप. पाणी त्यातलं एक."

"बाकीचं देवाच्या हातात होतं. पाणी माह्या हातात होतं."

 बाईंनी मला कोटाच्या खिशात ठेवलं, तेव्हा त्यांचा हात ओला होता.

पुढे मेंदूचे फोटो काढणारी यंत्रं आली. माझं रबर तडकलं. आता नागपूरच्या महाल भागात बाईंच्या घरी मी टेबलाच्या खणात पडून असते. मित्रांनो, मला कोणी पुसलं नाही तरी चालेल. पण तुमच्या घरी कोणी बाळंतीण झाली, तर तिच्या उशाशी भरलेला तांब्या ठेवा, आणि तो रिकामा होतो का ते पाहा.

प्रयागबाई नोकरी संपल्यावर लेकाकडे नागपूरजवळच्या बेसा गावी राहायला गेली. लतिकाबाई गावोगाव फिरून बाळंतिणींच्या सासवांशी बोलत राहिल्या. त्यांनी कोणालाही रागावून सांगितलं नाही. पंचफुलाची पोर जयवंता जिजाबाईनेच वाढवली. पुढे जयवंताच्या बाळंतपणात म्हातारी तांब्या घेऊन उशाशी बसली.

"पुरे वं आजी, पोट फुटन आता."

"फुटू दे. पी."

जिजाबाई त्याच साली गेली. जयवंता बाईंना सांगायला आली, तेव्हा खण उघडाच होता, म्हणून मलाही ऐकू आलं. शेवटच्या घटकेला तिने आजीच्या तोंडाशी पाण्याची वाटी नेली होती. आजीने मान फिरवली.

"पंचफुलाले दे आधी," म्हणाली.