उरलेला नट

दादामियाँनी भिंगाखाली झडप उघडली, चिमटा पुढे केला आणि हात तिथेच थांबवला. झडपेच्या बैठकीवर पापणीच्या केसाएवढा धातूचा कीस आडवा पडला होता.

"हा बघा चोर," ते म्हणाले.

विजयमालाने भिंगाला डोळा लावला. उपग्रहाला कक्षेत हळूच ढकलणारं हे इंजिन मुठीत मावेल एवढंच. पण त्यासाठी पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या या शेडमध्ये तिने दोन वर्षं जिवाचं रान केलं होतं. काल चाचणीत याच झडपेतून वायू गळला आणि सगळं काम ठप्प झालं.

"कारणाच्या रकान्यात काय लिहिताय?" दारातून सर्जेरावांनी विचारलं. कंपनी त्यांची. "चारला ग्राहकाची माणसं येताहेत. जोडणाऱ्याची चूक, असं लिहा आणि मोकळ्या व्हा. अडुसष्टाव्या वर्षी हात थरथरायचेच."

दादामियाँचे दोन्ही हात टेबलावर होते. ते थरथरत नव्हते.

तसं लिहिलं, की म्हाताऱ्याला या खोलीत पुन्हा पाऊल ठेवता येणार नव्हतं. कसबा पेठेत घड्याळं दुरुस्त करण्यात हयात घालवलेल्या या माणसाला तिनेच इथे आणलं होतं.

सर्जेराव गेल्यावर तिने जोडणीचा कागद काढला. बत्तीस पायऱ्या, सगळ्या इंग्रजीत. रिवाज असा, की एकाने पायरी वाचायची, दादामियाँनी ती करून "झालं" म्हणायचं, मग वाचणाऱ्याने खूण करायची. रोज संपत वाचायचा. ही झडप जोडली त्या दिवशी तो रजेवर होता, म्हणून ती बसली होती. बत्तीसही खुणा तिच्याच हातच्या होत्या.

"चाचा, चौदावी पायरी. नायट्रोजनची फुंकर मारून कीस उडवायचा. मारली होती ना?"

"तुम्ही वाचलंत ते सगळं केलं."

"मग हा राहिला कसा?"

दादामियाँ उठले. बाहेर कपडे बदलायच्या खोलीत त्यांचा सदरा खुंटीला होता. त्याच्या खिशातून त्यांनी कागदाची पुडी काढली. आत एक नट होता.

तो तिने ओळखला. कामाला बसताना ते दोन वाट्या घेत. डावीत बत्तीस नट. एक पायरी झाली, की एक नट उजवीकडे. संपत त्याला चाचांची तसबीह, म्हणजे जपमाळ, म्हणायचा.

"त्या दिवशी एक उरला," ते म्हणाले.

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"माझ्याच हातून सरकवायचा राहिला असेल म्हटलं. मी अक्षरं गिरवली साठीला, मॅडम. शिकलेल्या माणसाकडून ओळ सुटेल, असं मनातसुद्धा आलं नाही." त्यांनी पुडीचा कागद सरळ केला. "शिवाय तुम्हीच सांगितलं होतंत. वाचलं तेवढंच करायचं, मनाचं काही करायचं नाही."

सांगितलं होतं. चारचौघांत, आवाज चढवून.

तिला भिंतीवरचा फोन आठवला. मध्येच तो खणखणला होता. ग्राहक विचारत होता, तारीख सांभाळाल ना? सांभाळू, म्हणून ती परत येऊन बसली आणि पुढे वाचू लागली. शेवटी कागदावर एक चौकट कोरी दिसली. खूण करायची राहिली असेल, असं समजून तिने ती भरून टाकली होती.

"मघाशी सर्जेरावांना का नाही सांगितलंत?"

"माझं काय? पेठेत घड्याळं पडलीत दुरुस्तीला." त्यांनी पुडी पुन्हा नीट बांधली. "तुमचं इंजिन अजून वर जायचंय."

चार वाजता तिने रकाना मोठ्याने वाचून दाखवला. नाव तिचं होतं. ग्राहकाच्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं, एकाने पेनाचं टोपण लावलं.

"सत्यवचनाचा क्लास कुठे लावला होतात?" ते गेल्यावर सर्जेराव म्हणाले. "पत्ता द्या. आम्हीही जाऊ, सवडीने."

सोमवारपासून प्रकल्प बाळकडे गेला. तिच्या हाताखाली तयार झालेला मुलगा. तिच्या खुर्चीत बसताना तो आधी टेकला आणि मग संकोचून पुन्हा उठला.

"बस रे," ती म्हणाली. "मी वाचायला बसते."

मंगळवारी नवी झडप जोडायला घेतली. विजयमालाने फोनचा रिसीव्हर काढून खाली ठेवला आणि कागद उघडला. दादामियाँनी हातमोजे चढवले. मग दोन्ही वाट्या आपल्या बाजूने उचलून तिच्यासमोर ठेवल्या.

"आता हे तुमच्याकडे."

तिने नट मोजले. एकतीस भरले. पुन्हा मोजले, तरी एकतीसच. तिने वर पाहिलं.

दादामियाँनी तिच्यापुढे मूठ उघडली.

"धुऊन आणलाय," ते म्हणाले.

तिने तो डाव्या वाटीत टाकला आणि पहिली ओळ वाचली.