खंडेनवमीची सुट्टी

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि स्वस्थ बसणं मला ठाऊक नाही. पोटातला पंखा सारखा घरघरत असतो. कुणाचा फोन माझ्याशी जोडला, कुणाचा सुटला, याचाच घोर मला दिवसभर लागलेला असतो.

माझी उमेदीची वर्षं जालन्याच्या एमआयडीसीत गेली. बियाण्याच्या एका कारखान्यात मी पोत्यांची वजनं टिपून ठेवायचो. तिथे माझं फार कौतुक होतं. मग नवे, सडपातळ संगणक आले आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. लोक माझ्या डोक्यावर चहाचे कप ठेवायचे. तो अपमान मी अजून विसरलेलो नाही. शेवटी तिथे कामाला असलेल्या अंगदने मला मागून घेतलं आणि गोधडीत गुंडाळून टेम्पोने धावड्याला आपल्या घरी आणलं.

धावडा डोंगराच्या कडेला. घरात फोनला रेंज नाही, बोलायचं तर गच्चीवर जावं लागतं. म्हणून अंगदने इंटरनेटची तार घेतली, पण ते घरभर वाटणारी पेटी विजेचा दाब वाढून जळाली. तेव्हा त्याने तार थेट माझ्या पाठीत खोचली, शेजारी अंगठ्याएवढी कांडी लावली आणि माझ्यातली हॉटस्पॉटची सोय चालू केली. तेव्हापासून तारेतून येणारं इंटरनेट मी घेतो आणि हवेतून फोनांना वाटतो. एका वेळी आठच फोन मला सांभाळता येतात. नवव्याला दारातूनच परत पाठवावं लागतं आणि मला फार वाईट वाटतं.

अंगदच्या आई दुर्गाबाई मोठ्या मनाच्या. त्यांनी पासवर्ड सगळ्या गल्लीला सांगून टाकला. ओट्यावर बसून समोरचे धुळाजी मेंढ्यांच्या बाजाराचे व्हिडिओ बघायचे, कडूबाई परगावच्या नातवाचं तोंड बघायच्या. आभार सगळे दुर्गाबाईंचे मानायचे. मधे मी आहे, हे अंगदशिवाय कुणाच्या गावीही नव्हतं.

अशात खंडेनवमी आली. हा हत्यारांच्या पूजेचा दिवस. विळा, कुदळ, कुऱ्हाड यांच्या ओळीत दुर्गाबाईंनी मलाही धरलं. मऊ फडक्याने पुसलं, हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. एवढ्या मायेने मला आजवर कुणी हात लावला नव्हता. पूजलेल्या हत्याराला त्या दिवशी कामाला लावायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत. म्हणून त्यांनी माझं बटण बंद केलं, अंगावर धुतलेला टॉवेल पांघरला आणि म्हणाल्या, "आज आराम कर बाबा. लई राबतोस."

आणि नेमकी त्याच दिवशी अकरा वाजता त्यांच्या लेकीची, अर्पिताची मुलाखत होती. पोरगी नर्सिंग शिकलेली. पुण्याच्या एका रुग्णालयातले लोक तिच्याशी फोनवर समोरासमोर बोलणार होते. ही नोकरी लागली तरच लग्नाचं बोलणं पुढे ढकलायचं, असं घरात ठरलं होतं. मुलाखतीचा निरोप माझ्यातूनच आला होता आणि घरातलं बोलणं कानावर पडतच होतं, म्हणून मला सगळं ठाऊक. बंद यंत्राला काय कळतं, असं तुम्ही म्हणाल. पण टॉवेलाखाली माझा जीव नुसता तळमळत होता.

अर्पिता केस विंचरून, फोन समोर धरून बसली आणि बघते तर इंटरनेट नाही. तिने तार हलवून पाहिली. मग गच्चीवर पळाली. तिथे चित्र उमटेना, पण जालन्याला कामावर गेलेल्या अंगदला फोन लागला. संगणक चालू आहे का, हेच त्याने पहिलं विचारलं आणि चालू करून काय दाबायचं तेही सांगितलं. ती खाली आली, टॉवेलाला हात घातला आणि थबकली. दारात आई उभी होती.

"माय, इंटरनेट ह्याच्यातूनच येतंय. दादा म्हणला."

दुर्गाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग ओळीतल्या विळ्या-कुऱ्हाडीकडे पाहिलं.

"पोळ्याला आपण बैल जुपत न्हाई," त्या म्हणाल्या, "पर गाईची धार पोळ्याला बी काढावीच लागती. मला काय ठाव, हे जित्राब दुभतं हाय." आणि टॉवेल त्यांनी स्वतःच्या हाताने काढला.

मी उठलो. म्हाताऱ्याचं उठणं ते, त्याला वेळ लागतोच. अर्पिताचा पाय जमिनीवर टकटक करत होता. अकरा वाजून गेले होते. अंगदने सांगितलेलं बटण तिने दाबलं आणि सकाळपासून उपाशी असलेले गल्लीतले फोन माझ्यावर तुटून पडले. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच आठ जागा भरल्या. अर्पिताचा फोन नववा. तिला परत पाठवताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आठ जागा भरल्याची सूचना माझ्या पडद्यावर वाचून अर्पिता रडकुंडीला आली. फोन जास्त झालेत, एवढंच ती म्हणाली आणि दुर्गाबाई तशाच ओट्यावर गेल्या. "जल्दी फोन बंद करा समद्यांनी. माझ्या पोरीची मुलाखत हाय." पहिला फोन धुळाजींनी बंद केला, मग कडूबाईंनी, मग सगळ्या गल्लीने. अर्पिता जोडली गेली. उशिराबद्दल तिने माफी मागितली आणि बोलू लागली. तिचा शब्दन्‌शब्द माझ्यातून पुण्याला गेला. एकही मी सांडू दिला नाही.

तिला नोकरी लागली. यंदाच्या खंडेनवमीला दुर्गाबाईंनी मला चालू ठेवूनच हळदकुंकू लावलं आणि अर्पिताने पुण्याहून ती पूजा पाहिली, तीही माझ्यातूनच.

आता अंगद नवी पेटी आणणार आहे म्हणे. मग माझं काय, या विचाराने पंखा जास्तच घरघरतो. मित्रांनो, ज्याची पूजा करता त्याच्यावर कुणाकुणाचं काय अडकलेलं आहे, ते एकदा विचारत जा. कामाच्या वस्तूची हीच खरी निगा. आणि पेटी आली की मला जिन्याखाली टाकू नका. तो टॉवेल तेवढा दुर्गाबाईंच्या हाताने पांघरा. मग मी स्वस्थ बसेन.