आडवं भोक

नेमाच्या कागदावर गोळीने पाडलेलं भोक गोल नव्हतं. किल्ली आडवी दाबावी तसं लांबट. तिने त्यावरून बोट फिरवलं. उद्या सकाळी निवड. हजार मीटरच्या नेमबाजीत संघात जागा एकच, आणि ती हुकली की क्लबची रायफल क्लबला परत. मग बाईसाहेब घरी बसा!

"हात हलला तुझा," दादा म्हणाला.

दादा म्हणजे थोरला भाऊ. लेथचं वर्कशॉप त्याचं. रायफलला नवी नळी त्यानेच बसवलेली, काडतुसंही तोच भरायचा. याच निवडीत एकदा सपशेल आपटला, तेव्हापासून बहिणीच्या खांद्यावरून नेम धरत होता.

"हात हलला तर भोक बाजूला जातं, आडवं होत नाही. गोळी कोलांट्या खातेय, दादा."

"हिच्यापेक्षा सरस गोळी बाजारात नाही. खोक्यावरचा वारा कापायचा आकडा बघ! लांब, जड, टोकदार. वारा शिवत नाही हिला."

खोक्यावरचा आकडा! छापणाऱ्याच्या बापाचं काय जातं? लांब गोळी सरळ जायला तिला जोरदार गिरकी लागते, आणि ती देतो नळीतल्या आट्यांचा पीळ. पीळ सैल असेल तर जगातली सर्वांत भारी गोळीसुद्धा दारुड्यासारखी झोकांड्या खाते. लोकांना हेच घसा फोडून शिकवायचा दादा.

"नळीचा पीळ मोजलास?"

"विकणाऱ्याने सांगितला होता."

"तू मोजलास का?"

दादाने नळीवरची नसलेली धूळ पुसली.

तिने रायफल शिकंज्यात आवळली. फिरत्या मुठीच्या सळईला घट्ट चिंधी लावली, मार्करने खूण केली आणि सळई हळूहळू आत रेटली. आट्यांबरोबर सळई फिरू लागली. खूण पूर्ण फिरून वर आली तेव्हा विकणाऱ्याच्या आकड्याच्या दीडपट सळई आत गेली होती. पीळ सैल निघाला.

"पट्टी चुकली असेल."

"सुंभ जळेल, पण तू मानायचा नाहीस! जुन्या हलक्या गोळ्या भर."

"हजार मीटरवर वारा पाचोळ्यासारखा नेईल त्यांना."

"नेऊ दे. सरळ तर जातील. वारा तू वाच."

दादा बंदुकीची दारू तोलून नवी काडतुसं भरू लागला.

सकाळी मैदानावरची वारा दाखवणारी निशाणं फडफडत होती. दादा दुर्बिणीला डोळा लावून तिच्यामागे पालथा पडला.

"डावीकडे घे. अजून. अजून."

गोळ्या बसत गेल्या. काही मधोमध, काही काठाला. शेवटच्या गोळीपर्यंत जागा तिच्या आवाक्यात होती. तेवढ्यात निशाणं मेल्यासारखी खाली पडली.

"थांब!" दादा ओरडला.

तोवर चाप दाबला गेला होता. वारा नव्हता, गोळी जिथे धरली तिथेच गेली. वर्तुळांच्या पार डावीकडे.

शेजारच्या मुलीचीही जड गोळीच होती, पण तिच्या नळीचा पीळ घट्ट. वाऱ्याने तिला फारसं छळलंच नाही. जागा तिची झाली.

कागद हातात आला. "भोकं सगळी गोल आहेत," दादा पुटपुटला.

"मग? आरती ओवाळू?"

क्लबचा माणूस रायफल न्यायला येऊन उभा राहिला. दादाने त्याला हाताने थांबवलं, खिशातून मार्कर काढला आणि गुडघे टेकून नळीवर खरा पीळ लिहू लागला.

ती वरून बघत राहिली.

"जरा मोठं लिही," ती म्हणाली.