हट्टी दात

कपडे घालून बघायच्या खोलीची कडी आतून लावून टेलरबाई आरशासमोर उभ्या होत्या. दोन्ही अंगठे तोंडात घालून दात सरळ करायचा वरचा ट्रे दाबत होत्या. बाहेर पँट कमरेत सैल करून घ्यायला आलेलं गिऱ्हाईक दार वाजवत होतं.

"आत कुणी आहे का?"

"आहे!" टेलरबाई ओरडल्या, पण तोंडातून निघालं ते भलतंच काहीतरी.

"ताई, बरं वाटत नाहीये का?"

त्यांना अजिबात बरं वाटत नव्हतं. डाव्या सुळ्याशेजारचा दात त्या पारदर्शक प्लास्टिकमध्ये शिरायला तयारच नव्हता. बाकीचे सगळे दात गुमान आपापल्या जागी जाऊन बसले होते आणि हा एकटा दारात अडून उभा होता. दात आणि प्लास्टिक यांच्यामध्ये चांगली नखभर फट, त्या फटीत थुंकीचे बुडबुडे, आणि मागची कड हिरडीत रुतलेली. गालाची आतली बाजू तर सोलून निघाली होती. आरशातल्या बाईकडे बघून टेलरबाईंनी डोळे वटारले आणि कडी काढली.

वर्षभर हे चाललं होतं. थोड्या थोड्या दिवसांनी नवा ट्रे, प्रत्येक ट्रे आधीच्यापेक्षा किंचित पुढचा, आणि दातांनी त्याच्यामागे सरकत जायचं. पहिले कितीतरी ट्रे सुरळीत गेले. मग या दातानं अंग काढून घेतलं. पन्नाशी उलटलेली बाई दात सरळ करायला निघाली म्हटल्यावर नवऱ्याला तर चरायला कुरणच मिळालं होतं. "या वयात दात सरळ करून कुणाला चावायचंय?" तो रोज नव्यानं विचारायचा आणि रोज नव्यानं हसायचा.

"अन्न अडकतं," टेलरबाई सगळ्यांना सांगायच्या. ते खोटं होतं. लेकीला पदवी मिळाली त्या दिवशी मैदानावर फोटो काढताना लेक पटकन म्हणाली होती, "आई, तू तोंड मिटून हस ना." बस, एवढंच. टेलरबाईंनी तोंड मिटलं. त्यानंतरच्या एकाही फोटोत त्यांनी ते उघडलं नाही. आता लेकीचं लग्न तोंडावर आलं होतं. त्या फोटोत बत्तीसच्या बत्तीस दाखवून हसायचं, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. कुणाला बोलल्या मात्र नव्हत्या.

"रोज किती वेळ घालता?" डॉक्टरीणबाईंनी त्या आठवड्यात पुन्हा विचारलं.

"जेवताना आणि चहाला काढते. नाहीतर झोपेतसुद्धा तोंडातच असतो."

"तसं असतं तर दात हलला असता हो."

टेलरबाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आयुष्यात कुणाच्या कापडातला चिंधीएवढा तुकडा ठेवून घेतला नव्हता, आणि इथे खुर्चीत आडवं पाडून ही पोरगी त्यांना खोटारडी ठरवत होती.

"मग बसत का नाही तो?"

"बसेल. मागचा ट्रे पुन्हा घाला थोडे दिवस. आणि हा रबराचा तुकडा चावत राहा, म्हणजे दात ट्रेमध्ये बसेल."

"पुन्हा मागचा? लग्न आलंय घरात!"

"घाई करून कसं चालेल? ट्रे बरोबर आहे. दातांनी त्याच्या मापाला यायचं असतं."

हे वाक्य टेलरबाईंच्या डोक्यात गेलं. घरी येईपर्यंत त्या धुमसत होत्या. तीस वर्षं त्यांनी लोकांचे कपडे उसवून, सैल करून, आवळून दिले होते. सुटलेल्या पोटाची माणसं आली, एक खांदा उतरलेली आली, पाठीत पोक आलेली आली. त्यांतल्या एकालाही, शर्ट बरोबर आहे, तुम्ही पोट आत घ्या, असं त्या कधी म्हणाल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात सामसूम असताना त्यांनी तो अडेलतट्टू ट्रे हातात घेतला. उजेडात धरला. बाही काखेत काचत असली की काय करतात? वळणावर बारीक कातरे देतात, म्हणजे कापड सुटं होऊन बसतं. काजं कापायची छोटी कात्री घेऊन त्यांनी त्या दाताच्या वरच्या कडेला तीन कातरे दिले, हिरडीत रुतणारा कोपरा उडवला आणि कडा कानशीनं घासून गुळगुळीत केल्या. तोंडात घातला. टक्‌! बसला की! टेलरबाईंनी संध्याकाळपर्यंत शिट्टी वाजवत शिवण मारली. दोन दिवस स्वर्ग होता. तिसऱ्या दिवशी पाणी पिताना कातऱ्यापासून तडा गेला आणि अर्धा ट्रे पेल्यात पडला.

डॉक्टरीणबाईंनी ते दोन तुकडे उलटसुलट करून पाहिले. "हे कापलं कुणी?"

"मी. काचत होतं."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी आरसा घालून सगळे दात पुन्हा एकेक तपासले. "बाकीचे दात अगदी वेळेवर सरकलेत. म्हणजे तुम्ही घालत होतात. हा एकटाच मागे राहिला. मी आधीच नवं माप घ्यायला हवं होतं. चुकलं माझं."

"नव्या मापाचे ट्रे कधी येतील?"

"लग्नाच्या आधी नाही येणार."

आपण खऱ्या ठरल्याचा आनंद व्हायला हवा होता. टेलरबाईंना मात्र भोकाड पसरून रडावंसं वाटलं. नवे येईपर्यंत दात मागे फिरू नयेत म्हणून दिलेला जुना ट्रे तोंडात कोंबून त्या दुकानात परतल्या. दाराशी लेक उभी होती, लग्नाचा पोशाख घालून बघायला आलेली.

लेक स्टुलावर चढली. टेलरबाई गुडघे टेकून खालचा घेर मुडपायला बसल्या.

"आई, गाल सुजलाय तुझा. कशाला घेतलंस ग हे मागे लावून?"

"तूच म्हणाली होतीस."

"मी? काय म्हणाले?"

"तोंड मिटून हस म्हणून. पदवी मिळाली तेव्हा, फोटोच्या वेळी."

लेकीनं कपाळाला आठ्या घालून आठवून पाहिलं. प्रामाणिकपणे पाहिलं, हे टेलरबाईंना खालूनही दिसत होतं. "मी असं म्हटलं होतं? आई, मला खरंच आठवत नाही ग."

टेलरबाईंना सणकन राग आला. वर्षभर सोललेले गाल, वर्षभर बोबडं बोलणं, त्या डॉक्टरीण पोरीपुढे बसून ऐकून घेतलेलं सगळं, आणि हिला आठवतसुद्धा नाही! त्यांनी मान वर केली. लेकीचा चेहरा पडला होता. हात दोन्ही बाजूंना अधांतरी धरून ती उभी होती, लहानपणी माप देताना उभी राहायची तशी.

"आई, म्हटलं असेन तर..."

"हलू नकोस. घेर वाकडा होईल."

शेवटचा टाका घालून त्यांनी गाठ मारली. कात्री गळ्यातच होती. पण त्यांनी ट्रे काढून टाचण्यांच्या डबीत ठेवला, दोरा ताणून त्या वाकड्या दाताखाली धरला आणि दाबला. दोरा एका फटक्यात तुटला, तीस वर्षं तुटत आला होता तसा.

"आई, वर बघ," लेक म्हणाली. तिच्या हातात फोन होता.

ओठाला दोऱ्याचं टोक चिकटलेलं. तोंड मिटायचं की उघडंच ठेवायचं, हे टेलरबाईंचं ठरायच्या आत फोटो निघाला होता.